आखूड ट्रॅक

निनाद बर्फात गुडघे टेकून बसला होता. हातमोजा काढून तो ट्रॅकच्या एका पॅडलवर अंगठा दाबून बघत होता, आंबा पिकलाय का ते बघावं तसा. शेजारी शंतनूदादा कमरेवर हात ठेवून उभे. त्या दोघांच्या मागे मी, हेल्मेट काखेत धरून. गाडी माझ्यासाठी घ्यायची होती, आणि तिच्याजवळ उभं राहायला मलाच जागा मिळत नव्हती.

"तीन इंच," निनाद म्हणाला. "भुसभुशीत बर्फात हेच चालतं. अडीच इंचवालं नुसतं खरवडत बसतं."

"आणि लांबी बघ की," दादा म्हणाले. "एकशे पासष्ट. होडी आहे होडी. बुडायचं नावच नाही."

मी म्हटलं, मला आधी दुसरी चालवून बघायची आहे. दोघांनीही मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही.

आमची जुई तेव्हा अजून व्हायची होती. लग्नानंतर निनादला कॅनडाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, एका लाकूड कारखान्यात यंत्रं सांभाळायची नोकरी लागली आणि आम्ही तिथे गेलो. शंतनूदादा त्याच्या मावशीचे थोरले. ते आमच्या कितीतरी आधीपासून तिथे होते, ट्रकच्या धंद्यात. कराडहून निघून एवढी वर्षं झाली तरी बोलण्यातला 'की' तसाच होता आणि अंगही तसंच भरभक्कम. आम्हाला स्लेडचा नाद लावला तो त्यांनीच. स्लेड म्हणजे बर्फावरची मोटरसायकल म्हणा ना. पुढे दोन स्की, हातात हँडल, आणि मागच्या चाकाच्या जागी रबराचा रुंद फिरता पट्टा. तोच ट्रॅक. त्याच्यावर आडवी पॅडलं असतात. ती बर्फ मागे फेकतात आणि गाडी पुढे जाते.

मी सोलापूरची. उन्हाला शिव्या देतच लहानाची मोठी झाले. त्या गावात पहिल्या हिवाळ्यात मला कळलं की ऊन नसणं म्हणजे काय. आमचं गाव खोल दरीत. नोव्हेंबर लागला की दरीवर ढग येऊन बसायचा, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा, आणि उठायचाच नाही. दिवसच्या दिवस सगळं राखाडी. दिवा लावून स्वयंपाक, दिवा लावून जेवण. पहिल्या वर्षी मी औषधांच्या दुकानातून कामावरून घरी यायचे आणि कोट न काढता पलंगावर बसून राहायचे. मग एका रविवारी दादांनी मला मागे बसवून वर नेलं. जंगलातून चढत चढत आम्ही त्या ढगात शिरलो, ढगातून बाहेर आलो, आणि वर लख्ख ऊन. निळं आभाळ आणि खाली पांढऱ्या कापसाची दरी. मी हेल्मेट काढलं आणि तोंड वर करून उभी राहिले. दादा म्हणाले, रडतेस काय, डोळ्यांत गोठेल.

तेव्हापासून मला स्वतः वर जाता यायला हवं होतं. कुणाच्या मागे बसून नाही.

पहिली स्लेड मला मिळाली ती निनादने वापरून सोडलेली. ती त्या वर्षी हिवाळा सुरू होतानाच कायमची बंद पडली. गावात डार्लीन नावाच्या बाईंचं स्लेडचं दुकान होतं. त्यांनी दोन गाड्या एक दिवसासाठी दिल्या. दुकान बंद व्हायच्या आत दोन्ही परत आणायच्या आणि एक ठेवून घ्यायची. इंजिन दोन्हींचं एकच. फरक ट्रॅकचा. एकीचा एकशे पासष्ट इंच लांब आणि पॅडलं तीन इंच उंच. दुसरीचा एकशे सेहेचाळीस आणि पॅडलं अडीच इंची. डार्लीनबाईंनी माझ्याकडे नखशिखांत पाहून आखूड गाडीच्या सीटवर हात ठेवला होता. निनादने ते पाहिलं आणि लांब गाडीची चावी आधी उचलली.

सकाळी निघताना त्याने ट्रकमध्ये एक अट घातली होती. अगदी शांतपणे, रस्त्यावर नजर ठेवून. म्हणाला, मागच्या वर्षी तू जशी सारखी अडकत होतीस तशी आजही अडकलीस, तर यंदा गाडी घेणं राहू दे. पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष म्हणजे काय ते मला माहीत होतं. घरात पाळणा आणायचं आमच्यात बोलणं चाललं होतं. पुढचं वर्ष म्हणजे कधीच नाही.

सकाळी मला लांब गाडी दिली गेली. निनादने आखूड घेतली. दादांची स्वतःची होती, ती तर त्या लांब गाडीपेक्षाही लांब. जंगलातल्या रुळलेल्या वाटेवर काही प्रश्न नव्हता. वाट सोडून आम्ही ताज्या बर्फात उतरलो आणि माझी परवड सुरू झाली.

ताज्या खोल बर्फात स्लेड हँडलने वळत नाही. उभं राहून एका पायावर सगळं वजन टाकायचं, हँडल आपल्याकडे ओढायचं आणि गाडी कुशीवर घ्यायची. कुशीवर आली की ती आपोआप वळते, पाळण्यातल्या बाळाला कुशीवर घेतल्यासारखी हलकी होते. दादा हे एका हाताने करायचे. निनाद दोन हातांनी. मी अख्खी लटकले तरी ती लांब गाडी ढिम्म. तिच्या खाली एवढा पट्टा बर्फात पसरलेला की ती आपली सरळ. मी डावीकडे ओढतेय आणि ती समोरच्या झाडाकडे चाललीय, बैल गोठ्याकडे निघावा तशी. मग मी घाबरून थ्रॉटल, म्हणजे अंगठ्याने दाबायची वेगाची कळ, सोडणार, आणि थांबली की रुतणार.

रुतली की निनाद हजर.

हे त्याचं येणं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. मी गाडीवरून उतरून कंबरभर बर्फात उभी राहायच्या आत त्याच्या इंजिनाचा आवाज यायचा. तो उडी मारून उतरायचा, "थांब, तू राहू दे," म्हणायचा, पुढच्या स्की धरून गाडी उचलायचा, बर्फ तुडवायचा, स्वतः बसायचा, दोन झटक्यांत गाडी बाहेर काढून सपाटीवर नेऊन उभी करायचा, आणि वर मलाच म्हणायचा, "हं, घे." मी बर्फातून पोहत पोहत तिथपर्यंत जायचे. तो घामाघूम, मी थंडीने काकडलेली. चौथ्या की पाचव्या वेळेला मी सांगितलं, मला काढू दे. तो म्हणाला, अगं तुला झेपणार आहे का ती, वजन बघ तिचं. मी म्हटलं, तेच तर सांगतेय सकाळपासून, वजन बघ तिचं. ते त्याच्या डोक्यावरून गेलं.

दादा लांबून मजा बघत होते. त्यांनी छातीवरच्या छोट्या रेडिओवर सांगितलं, "ऋजुता, तू नुसती गाडी उभी करत जा. मागून सर्व्हिस स्टेशन येतंयच की."

मग आम्ही गाड्या बदलल्या. आखूड गाडीवर बसले आणि पहिल्याच वळणाला मला हसू आलं. मी नुसती उजवीकडे झुकले आणि ती कुशीवर आली. इतकी पटकन की मी पलीकडे पडता पडता राहिले. ती लांब गाडीसारखी बर्फावर तरंगत नव्हती, हे खरं. शेपूट जरा खाली जायचं, थ्रॉटल हलकं पण सलग धरून ठेवावं लागायचं. पण मी जिकडे बघेन तिकडे ती जात होती. दोन झाडांच्या मधून काढली, ओढ्याच्या काठाने वळवली. सकाळभरात पहिल्यांदा मला वाटलं की मी गाडी चालवतेय.

तर निनादचं मत काय? त्याच्या मताने आखूड गाडी बादच. कारण तो सकाळी तिच्यावर बसला होता तेव्हा ती सारखी खाली जात होती. त्याचं वजन माझ्या जवळजवळ दुप्पट. त्याच्या खाली ती बुडाली, आणि दोष त्याने गाडीचा धरला. मी हे समजावून सांगत होते तेवढ्यात बोलता बोलता मी चढावर तोंड करून थांबले. ही चूकच. चढावर तोंड करून थांबलं की कुठलीही गाडी रुतते. पाठीवरच्या पिशवीतून फावडं काढायला मी हात मागे नेला तेव्हा निनाद माझ्या स्की धरून उभाही होता.

"बघ," तो म्हणाला. "आखूडवरही अडकलीस."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर मराठी न कळणाऱ्या त्या डोंगरालाही कळलं असतं.

जेवायला आम्ही उन्हात बसलो. दादा थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून इंजिनाच्या झाकणाखाली ठेवायचे, दुपारपर्यंत ती तव्यावरून काढल्यासारखी गरम असायची. त्यांनी मला पहिलं दिलं. ते गरम थालीपीठ हातात धरून मी निनादला सांगितलं की जेवणानंतर तू माझ्याकडे यायचं नाहीस. मी अडकले, पडले, गाडी उलटली, काहीही झालं तरी. मी रेडिओवर बोलावेन तेव्हाच यायचं.

"आणि नाहीच निघाली तर?"

"तर बोलावेन."

तो म्हणाला, बरं. पण ते बरं असं होतं की दादांनी विषय बदलून हवेवर नेला.

जेवणानंतर आम्ही एका मोठ्या उघड्या उताराच्या पायथ्याशी आलो. वर कडा, खाली झाडांचा पट्टा, मध्ये स्वच्छ पांढरा चढ, एकही रेघ न उमटलेला. निनाद लांब गाडीवर होता. त्याने हेल्मेटची काच वर केली आणि दादांना म्हणाला, हिला दाखवतो लांब ट्रॅक काय करतो ते. मला म्हणाला नाही. दादांना म्हणाला.

असल्या उताराचा एक नियम असतो. आम्ही तिघं तो एकत्रच शिकलो होतो, गावच्या अग्निशमन केंद्रातल्या हिमस्खलनाच्या वर्गात. उतारावर एका वेळी एकच माणूस. बाकीचे बाजूला, सुरक्षित जागी, गाड्यांची तोंडं बाहेरच्या दिशेला करून. आणि वरचा अडकला तर त्याच्या मदतीला जायचं नाही. त्याने स्वतः निघायचं. कारण दुसरी गाडी वर गेली की त्या थरावर दोघांचं वजन पडतं, आणि थर सुटला तर दोघंही गाडले जातात. वर्गात निनाद पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता.

तो निघाला. लांब ट्रॅकचं कौतुक करायला हवं, गाडी त्या चढावर शिडीवर चढल्यासारखी गेली. मागे बर्फाचा पिसारा. अर्ध्याच्या वर, तीन चतुर्थांशाच्या वर. दादा कौतुकाने बघत होते. मग वरच्या खडकांपाशी त्याला वळावं लागलं, आणि मला सकाळपासून जे माहीत होतं ते त्याला कळलं. गाडी वळली नाही. त्याने थ्रॉटल दाबलं. तीन इंची पॅडलांनी त्याच्याखाली विहीर खणली, आणि शेपूट आत गेलं.

खालून तो एवढासा दिसत होता. उतरला, स्की ओढून बघितल्या. मग दोन्ही हात वर करून हलवले.

दादांनी हेल्मेट चढवलं आणि इंजिन सुरू केलं. म्हणाले, आलोच मी, दोघांनी ढकलली की निघेल.

मी काय केलं ते मला नीटसं आठवत नाही. एवढं आठवतं की माझी गाडी त्यांच्या स्कींच्या पुढे आडवी उभी होती.

"अगं, बाजूला हो की."

"नाही."

"तो वर अडकलाय, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. दादा, तुम्ही गेलात आणि उतार सुटला, तर मी आधी कुणाला शोधू तेवढं सांगून जा."

दादा माझ्याकडे बघत राहिले. चेहरा लाल झाला होता, थंडीने की रागाने कोण जाणे. त्यांची सख्खी बहीण असते तर त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते. मावसभावाची बायको म्हणून गिळले. त्यांनी इंजिन बंद केलं.

रेडिओ खरखरला. "दादा, ये रे जरा. एकट्याला हलत नाही ही."

रेडिओ मी उचलला. "कुणी येत नाहीये. फावडं काढ."

वर त्याने स्कीला एक लाथ घातली. मग तो म्हणाला, "ऋजुता, वेड्यासारखं करू नकोस. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग दोन मिनिटांत कर."

हे मी बोलले तेव्हा मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही. पण ते बरं वाटणं टिकलं नाही. तो खणायला लागला. खणायचा, गाडीवर बसायचा, इंजिन घों करायचं, ट्रॅक फिरायचा, गाडी आणखी आत. पुन्हा खणायचा. मध्येच फावड्यावर हात ठेवून तसाच उभा राहायचा, आमच्याकडे बघत. प्रत्येक वेळी इंजिन घोंघावलं की माझी नजर त्याच्या वरच्या बर्फावर जायची, कुठे भेग दिसतेय का. दादांनी थर्मासमधला चहा ओतून पुढे केला. मी घेतला नाही, माझे हात हँडलवरून सुटतच नव्हते. जावंसं वाटत होतं. इतकं वाटत होतं की पाय गाडीच्या पायरीवर नुसते हलत होते.

शेवटी त्याने गाडी आडवी पाडली, उताराच्या दिशेला लोळवली, आणि ती मोकळी झाली. तो खाली आला. आमच्याजवळ थांबला नाही. झाडांपर्यंत गेला, उतरला आणि हेल्मेट बर्फात टाकलं.

"सुटला उतार?" मी जवळ गेल्यावर तो म्हणाला. "काही झालं? काहीही झालं नाही. तासभर मी वर एकटा खणतोय आणि तू खाली उभी राहून बघतेयस."

खरंच काही झालं नव्हतं. तो चढ अजूनही तसाच शांत होता, मधोमध फक्त निनादच्या गाडीची रेघ आणि वर एक खड्डा. सुटला असता तर माझं बरोबर ठरलं असतं. सुटला नाही म्हणून मी एक निर्दय बाई ठरले होते.

मी म्हटलं, "तुला एकट्याला खणावं लागलं. मला सकाळपासून एकदाही खणू दिलं नाहीस. मी फावडं काढायच्या आत तू येतोस. मला निघता येतं की नाही हे मला माहीत नाही, तुला माहीत नाही, आणि तू मला अडकलीस म्हणून नापास करतोस."

"मी नापास करत नाहीये."

"मग काय करतोयस?"

तो हातमोजे काढून पुन्हा घालत राहिला. दादा जरा लांब जाऊन स्वतःच्या गाडीचं काहीतरी बघायला लागले, त्या गाडीला काहीही झालेलं नव्हतं.

"मागच्या वर्षी ते देवदाराचं झाड," निनाद म्हणाला. "तू त्याच्या बुंध्याशी पडलीस."

मला आठवत होतं. दाट फांद्यांच्या झाडाखाली बर्फ पोकळ राहतो. वरून सारखा दिसतो, पण बुंध्याभोवती विहीर असते. माझी गाडी झाडाला घासून थांबली होती आणि मी आत घसरले होते. निनादने लगेच ओढून काढलं होतं. घरी येऊन मी सोलापूरला आईला फोनवर हसत हसत सांगितलंही होतं की दोन सेकंद अंधार झाला.

"दोन सेकंद नव्हते ते," तो म्हणाला. "तू सगळ्यांना दोन सेकंद सांगत होतीस, मी काही बोललो नाही. मला नुसती गाडी दिसत होती. तू नव्हतीस. मी चुकीच्या बाजूला खणत होतो. दादाही लांब होता. मग तुझ्या हेल्मेटचा कडेचा भाग दिसला, बोटभर. तू हलत नव्हतीस."

माझा हात माझ्या हेल्मेटच्या कडेला गेला.

"बाहेर काढल्यावर तू शिंकलीस," तो म्हणाला. "आणि विचारलंस, माझा हातमोजा कुठाय." त्याने बर्फातलं हेल्मेट उचललं. "मला तुला चढावर पळवायचं नाही. मला फक्त तू वर राहायला हवी आहेस. बर्फाच्या वर. लांब ट्रॅक बुडत नाही."

सकाळपासून मी त्याच्या पॅडलांवर, इंचांवर, अंगठ्यावर चिडत होते. तो माझ्यासाठी अशी गाडी शोधत होता जिच्यावरून मी नाहीशी होणार नाही. त्याच्याजवळ जाऊन त्याचं डोकं कुशीत घ्यावं असं मला वाटलं. पण तसं केलं असतं तर लांब गाडी घरी आली असती, आणि तीही चुकीची गाडी होती.

"निनाद, मी त्या झाडाखाली का गेले?" मी विचारलं.

"बुडालीस म्हणून."

"नाही. वळता आलं नाही म्हणून. जुनी गाडीही तुझ्याच मापाची होती. मी झाड लांबून बघितलं होतं. ओढत होते, ओढत होते, ती वळलीच नाही. आज सकाळी ही लांब गाडी मला कितीदा झाडाकडे घेऊन गेली, तू बघितलंस. मला तरंगायला नको, वळायला हवंय. झाडापासून लांब जाता आलं तर विहिरीत पडायची वेळच येणार नाही."

दादांनी गाडीपासून मान वर केली. दोघांपैकी कुणीही मला हो म्हणालं नाही. पटलं असेल तरी पटवून घ्यायला अवधी लागतो, आणि आमच्याजवळ तो नव्हता. ऊन कलायला लागलं होतं.

दादा म्हणाले, मी खाली जाऊन ट्रक गरम करतो. जाता जाता त्यांनी माझ्या हेल्मेटवर एक टप्पल मारली. "मला अडवणारी तूच पहिली," म्हणाले, आणि निघून गेले.

मी आखूड गाडीवर बसले. समोर एक बसका उतार होता, विरळ झाडांचा. त्या मोठ्या चढासारखा धोक्याचा नव्हता, तिथे निनाद मागे आला असता तरी कुठला नियम मोडला नसता. मी त्याला सांगितलं की मी एकदा वर जाऊन येते आणि तू इथेच राहायचंस. तुला मी दिसेन, मला तू दिसशील. तो म्हणाला, हं.

वर जाताना मी झाडांमधून मुद्दाम वळणं घेतली. डावीकडे, उजवीकडे. गाडी प्रत्येक वेळी कुशीवर आली. प्रत्येक झाडाला मी दोन हात लांबून वळसा घातला, त्याला खालून दिसावा असा. शेवटच्या वळणावर जरा जास्तच दाखवायला गेले, वेग कमी झाला, शेपूट खाली गेलं आणि मी रुतले.

इंजिन बंद केलं. शांतता झाली. मी मागे वळून बघितलं नाही आधी. कान मागे होते. आता येईल इंजिनाचा आवाज. आला नाही.

फावडं काढलं. स्कींच्या पुढचा बर्फ बाजूला केला. मागे पाय देऊन देऊन बर्फ दाबला. मग गाडी आडवी पाडायची. ती पहिल्यांदा पडली नाही, दुसऱ्यांदा माझ्या अंगावर पडता पडता राहिली. ट्रॅकखालच्या खड्ड्यात बर्फ भरला, तुडवला, पुन्हा भरला. घामाने बनियन पाठीला चिकटलं. चष्म्यावर वाफ. एकदा वाटलं, बोलवावं. रेडिओ छातीवरच होता. त्या वेळी मी पहिल्यांदा खाली बघितलं. निनाद उभा होता. त्याने रेडिओ तोंडाजवळ नेला, आणि काही न बोलता खाली घेतला. मग दुसरीकडे तोंड करून चालायला लागला.

मी परत खणायला लागले.

गाडी उभी केली, बसले, थ्रॉटल अंगठ्याने हळूच दिलं. ट्रॅक फिरला, दाबलेल्या बर्फाला लागला, आणि गाडी कुणी पाठीमागून हात लावावा तशी पुढे सरकली. मी थांबले नाही. थांबायची भीती वाटत होती. एक मोठा वळसा घेऊन तशीच खाली आले आणि त्याच्या शेजारी सपाटीवर गाडी उभी केली.

त्याच्या गाडीभोवती एक चर पडला होता. तिथला बर्फ कुणी तुडवलेला नव्हता, ताजा होता, आणि तो त्यात फेऱ्या घालत राहिला होता. गोल गोल. प्रत्येक फेरीला थोडा खाली गेला असणार. आता तो कमरेपर्यंत आत उभा होता. मी वर खणलेल्या खड्ड्यापेक्षा हा चर खोल होता.

"निघालीस," तो म्हणाला.

"निघाले."

त्याने माझ्या गाडीकडे बघितलं. स्कीवरचा बर्फ हातमोज्याने झाडला, दोनदा, एकदा उगाचच. मग म्हणाला, "दादाला सांग, डार्लीनला फोन कर म्हणावं. दुकान बंद करू नका, आम्ही ही ठेवतोय."

मी रेडिओवर दादांना तसं सांगितलं. तेवढ्यात तो चरातून वर यायला लागला. काठावर गुडघा टेकला तर काठ ढासळला. परत चढला, परत घसरला. मी गाडीवर बसून होते. हँडल धरून, न हलता. हे सकाळपासूनचं माझं सगळ्यात अवघड काम.

तिसऱ्यांदा घसरल्यावर त्याने वर बघितलं आणि हात पुढे केला.

"ओढ," तो म्हणाला.

मग मी उतरले.